जुना वाडा राहता ठेवताना: छपरापासून रंगापर्यंत कामाचा क्रम

पुणे, वाई, सातारा, नाशिक, पैठण, सोलापूर या जुन्या गावांत राहते वाडे अजून आहेत. त्यांची दुरुस्ती काढली की घरचे लोक आधी रंग, फरशी आणि न्हाणीघर यांवर पैसे घालतात. छपराचे पाणी, खांबांचे पाय आणि भिंतीतली ओल मागे राहते. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, गिलावा सुटतो आणि तोच खर्च पुन्हा उभा राहतो. इथे दिलेला क्रम वेगळा आहे: आधी पाणी, मग लाकूड, मग भिंती, मग नळ आणि वीज, रंग सर्वांत शेवटी.

डोळ्यासमोर धरलेला वाडा असा: काळ्या दगडाचे जोते (घराचा चौथरा), सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंती, मधे चौक, वर कौले किंवा माळवद (लाकडावर माती घातलेले सपाट छप्पर). कोकणातल्या जांभ्याच्या घराला यातला लाकडाचा, चुन्याचा आणि विजेचा भाग लागू पडेल, भिंतींचे गणित मात्र वेगळे मांडावे लागेल.

वाडा कशावर उभा असतो

मजल्याचा भार पाटांवरून (फळ्यांवरून) कड्यांवर (आडव्या बारीक लाकडांवर), कड्यांवरून जाड तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबाखालच्या तळखड्यावरून (बैठकीच्या दगडावरून) जोत्यात उतरतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, बहुधा ५ ते ६ फुटांचा. आतल्या पुष्कळ भिंती नुसत्या आडोशाच्या असतात, पण बाहेरच्या भिंतीत तुळयांची टोके घुसवलेली असतात. कोणती भिंत भार घेते आणि कोणती घेत नाही, हे ठरल्याशिवाय एक वीटही काढू नये. खण वाढवून मोठा दिवाणखाना करण्याच्या हौसेपायी मधला खांब काढला, की वरच्या मजल्याची तुळई दुप्पट लांबीवर टांगली जाते. तेवढ्याच भाराला तिचा झोल दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी वाढतो.

दुसरी गोष्ट ओलीची. माती आणि चुना पावसाळ्यात ओल पितात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. जमिनीतून चढलेले पाणी मग फूट-दोन फुटांवर न थांबता वर सरकते आणि तुळईच्या टोकापर्यंत पोचते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आत सागवानाचा भुसा होतो. वाड्यांत अचानक खचलेल्या मजल्यांमागे हे कारण वारंवार सापडते.

काम काढण्याआधी एक पावसाळा

घाई नसेल तर जून ते सप्टेंबर केवळ पाहणीला द्या. एवढ्यात पुढची कामे होतील:

१. मोजणी. प्रत्येक मजल्याचा नकाशा १:५० प्रमाणात, किमान दोन उभे छेद. प्रत्येक खणाला आकडा, प्रत्येक खांबाला अक्षर. 'माजघर, ३रा खण, ख-खांब' असे म्हटले की सुताराला आणि अभियंत्याला एकच खांब कळला पाहिजे. प्रत्येक दार, कोनाडा, खुंटी, गणेशपट्टी यांचे समोरून आणि जवळून फोटो.

२. लाकडाची तपासणी. लाकडी ठोक्याने खांब तळापासून वरपर्यंत वाजवा. भरीव आवाज चांगला, बद्द आवाज संशयाचा. संशयाच्या जागी अणकुचीदार पेचकस दाबा. पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर तिथे कूज आहे. ओलावामापक भाड्याने मिळतो: १५ टक्क्यांखाली ठीक, २० टक्क्यांवर बुरशीला पोषक. सर्वांत आधी पाहायच्या जागा म्हणजे खांबाचा तळ, भिंतीत गेलेले तुळईचे टोक, न्हाणीच्या आसपासच्या कड्या आणि दोन छपरे मिळतात तिथली पन्हळ.

३. तडे. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. काच शाबूत राहिली तर तडा जुना आणि झोपलेला आहे. तो भरायचा, पण घाबरायचे नाही.

४. ओलीचा उगम. फूटभर चौरस प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी आतल्या बाजूला साचले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत पट्टा आणि त्याच्या माथ्यावर पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) दिसला तर पाणी पायातून चढते आहे. वरून खाली ओघळ असेल तर छप्पर किंवा पन्हळ.

५. रस्त्याची पातळी. डांबराचे थर चढत चढत पुष्कळ पेठांत रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला आहे. दिंडी दरवाजातून पाणी चौकात येत असेल तर आतली कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही; आधी गटाराचा प्रश्न सोडवा.

नदीकाठच्या वाड्यांत आणखी एक चौकशी करावी. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीलगतच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंती विरघळल्या. त्यानंतर घाईने उभारलेल्या भिंती बऱ्याचदा सिमेंटच्या, मूळ भिंतींशी न बांधलेल्या असतात. अशा भिंतीचा सांधा कोपऱ्यात सरळ उभ्या तड्याच्या रूपात दिसतो.

कागद

मालमत्ता पत्रकावर जितकी नावे तितक्यांची लेखी संमती आधी घ्या. सहहिस्सेदाराच्या एका हरकतीने छप्पर उघडे असताना काम थांबते, आणि त्यापेक्षा वाईट काही नाही. भाडेकरू असतील तर त्यांच्या ताब्यातल्या खोल्यांची मोजणी आणि फोटो दोघांच्या सह्यांनी करून ठेवा. वाडा पालिकेच्या वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे वारसा कक्षात पाहा. श्रेणी जितकी वरची तितकी बाहेरच्या दर्शनी भागात ढवळाढवळ कमी चालते.

केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम होत नाही, दुरुस्तीला मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने वाट असते. त्यापुढच्या २०० मीटरांत दोन्हींना परवानगी लागते. पालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस आली असेल तर गप्प बसू नका. लाकडी बांधकाम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि तातडीच्या टेकूंचे फोटो लावून लेखी उत्तर द्या. काँक्रीटपलीकडे काम न केलेला अभियंता प्रत्येक वाड्याला 'पाडा' म्हणेल. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेकडे जाणकार वास्तुविशारदांची नावे मिळू शकतात.

ठेकेदाराशी करार ठोक रकमेवर करू नये. भिंत उघडल्यावर काय निघेल ते कोणालाच माहीत नसते. प्रत्येक कामाचा दर ठरवा आणि अंदाजपत्रकावर २० ते २५ टक्के राखून ठेवा.

वेळापत्रक: दोन कोरडे मोसम

पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे या काळात टेकू, सांगाडा आणि छप्पर. त्याच सुमारास भिंतींवरचे सिमेंट काढून त्या उघड्या ठेवायच्या. चुना भिजत घालायचा तोही तेव्हाच. मधला पावसाळा नव्या छपराची परीक्षा. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर भिंती, मग नळ आणि वीज, फरशी, रंग. एका मोसमात सगळे उरकण्याचा हट्ट धरला की ओल्या भिंतीवर गिलावा होतो आणि कच्च्या चुन्यावर रंग.

लाकूड

कामाची सुरुवात टेकूंनी. टेकू भिंतीला तिरका लावलेला नको, तुळईखाली उभा हवा, आणि खाली फूटभर रुंद फळी. वरच्या मजल्यावर टेकू लावला तर बरोबर त्याच्याच खाली तळमजल्यावरही टेकू हवा, नाहीतर भार पाटांवर पडतो.

सर्वांत नेहमीचे काम म्हणजे खांबाचा कुजलेला पाय बदलणे. सबंध खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते, कारण कूज बहुतेक वेळा तळाच्या फूट-दीड फुटांत असते. क्रम असा:

१. खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, स्क्रू जॅक असलेले दोन टेकू. दिवसाला एखाद-दुसरा मिलिमीटर उचला. खांब आणि तळखडा यांच्यात २-३ मिमी फट दिसली की थांबा. जास्त उचलले तर वरच्या मजल्याचे सांधे उखडतात.

२. कूज संपते तिथून आणखी ६ इंच वर, निरोगी लाकडात, तिरका कलमी काप घ्या. कापाची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट: ८ इंची खांबाला २४ इंच.

३. नवा तुकडा जुन्याच सागवानाचा. लाकडाच्या वखारीत पाडलेल्या वाड्यांच्या तुळया मिळतात. त्यात खिळे नाहीत ना, हे धातुशोधकाने पाहा. नवे, पुरते न वाळलेले लाकूड लावले तर वर्षभरात आकसून सांधा उघडतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास हवा आणि रेषांची दिशा जुन्या खांबासारखीच.

४. सांधा १२ मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी आवळा. किमान दोन, एका रेषेत नकोत. दोन्ही टोकांना ५० मिमीचे वायसर. साधे लोखंड सागवानात काळे डाग पाडते आणि गंजून फुगते.

५. तळखडा आणि खांब यांच्यात शिशाचा पातळ पत्रा. खालून चढणारी ओल तिथे अडते. खांबाच्या तळाचा कुसू (पुढे आलेली खुंटी) तळखड्यातल्या भोकात नीट बसला पाहिजे.

६. जॅक चढवला तितक्याच सावकाश उतरवा. टेकू आठवडाभर सैल अवस्थेत तिथेच राहू द्या.

तुळईचे टोक कुजले असेल तर हाच कलमी सांधा, पण तिथे वाक पडत असल्याने बाजूंना स्टेनलेसच्या पट्ट्या लागतात आणि त्यांची जाडी अभियंत्यानेच काढायची. टोक पुन्हा भिंतीत बसवताना वर आणि दोन्ही बाजूंना इंचभर हवा सोडा. गवंडी ती फट सवयीने माल भरून बंद करतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

झोल आलेली प्रत्येक तुळई वाईट नसते. दोरी ताणून मोजा. १२ फुटांच्या तुळईला इंचापर्यंत झोल आणि लाकूड निरोगी असेल तर ती तशीच ठेवा. शंभर-दीडशे वर्षांत ती त्या आकारात बसलेली आहे. जबरदस्तीने सरळ केली तर चिरते.

वाळवीसाठी जमिनीतच उपचार लागतो. जोते आणि फरशी मिळतात त्या रेषेत फूटफूट अंतरावर १२ मिमीची भोके मातीपर्यंत पाडून औषधाचे पाणी सोडतात, एका भोकात जास्तीत जास्त लिटरभर. लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावण, तेल लावण्याआधी. चौकात विहीर किंवा आड असेल तर त्याच्या जवळ जमिनीत औषध सोडू नका.

ऑइलपेंटचे थर काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका: सागवान काळे पडते, सोडा रेषांत राहतो आणि वरचे तेल धरत नाही. वाळूचा मारा केला तर महिरपीची आणि केळफुलांची धार जाते. मंद आचेची हॉट एअर गन आणि बोथट तासणी हेच बरे. जुन्या रंगांत शिसे असते, म्हणून कोरडे घासू नका, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. शेवटी जवसाचे तेल: पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मेनिम्म, पुढचे दोन हात दाट, प्रत्येक हातानंतर पुसून घ्यायचे. तेलाचे बोळे बादलीभर पाण्यात टाका. ढिगात ठेवले तर आपोआप पेटतात, आणि वाड्यात हे परवडणारे नाही.

छप्पर

कौलारू छपराची कौले एकेक उतरवून ब्रशने स्वच्छ करा, टिचकीने वाजवा. खणखणीत वाजतात ती परत वापरायची आणि रस्त्याकडच्या उतारावर लावायची. नवी मागच्या उतारावर. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला १५-१६ लागतात. जुन्या नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी घातली तर छपराचे रूप बदलते, म्हणून शक्य तिथे नळीचीच शोधा.

आढे, वासे आणि रिपा तपासून झाल्यावर वाशांवर वाफ जाऊ देणारे पडदी कापड, त्यावर इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, मग कौले. उभ्या पट्ट्या विसरल्या तर गळलेले पाणी आडव्या रिपेवर साचते आणि रीप कुजते. साधे प्लास्टिक घालू नका. खालून आलेली वाफ त्याला चिकटून लाकडावर टपकते. दर खणाला दोन काचेची कौले घातली की वरच्या मजल्यावर दिवसा दिवा लागत नाही.

पन्हळीचा हिशेब करूनच घ्या. तासाला १०० मिमी जोराच्या पावसात ४ इंची उभा नळ सुमारे ४० चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेतो. चौकाभोवती चार पाखी (छपराचे उतार) असतील तर एक नळ पुरणार नाही. नळाचा शेवट जोत्यापासून दूर, गटारात हवा.

माळवद हे वेगळे प्रकरण. दर वर्षी पावसाआधी खारी माती टाकत गेल्याने थर दीड-दोन फुटांचा झालेला असतो. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, भिजल्यावर त्याहून जास्त. माती काढताना एका बाजूने सपाट काढत जाऊ नका, सांगाडा एकीकडे झुकतो. दोन्ही टोकांकडून मध्याकडे, चार-चार इंचांचे थर, आणि काढलेली माती लगेच खाली. शेजारच्या खणावर ढीग नको. कड्या-पाट दुरुस्त झाल्यावर जलरोधक पडदा आणि त्यावर जास्तीत जास्त ८ इंच माती, पन्हळीकडे उतार देऊन.

यामागे जिवाचा प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात माणसे गेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि जड माळवदाखाली. त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधलेले नव्हते. मधे माती आणि खडी. हादऱ्यात दोन्ही अंगे फाकली. तुमच्या भिंती अशा असतील तर दोन्ही अंगे जोडणारे आरपार बांधदगड घाला, उभ्यात २ फूट आणि आडव्यात ४ फूट अंतराने, एका वेळी एकच भोक पाडून. खांब आणि तुळई यांच्या कोनात लाकडी तिरके हात द्या. मराठवाडा, सोलापूर आणि कोयनेच्या टापूत हे काम रंगाआधी, फरशीआधी, सगळ्याआधी.

भिंती आणि चुना

सिमेंटचा गिलावा ठोकून काढला तर मागची मातीही निघते. ग्राइंडरने फूटभर चौकोन कापा, काप सिमेंटपुरताच खोल, आणि पातळ छिन्नीने कडेकडेने सोडवा. मग भिंत उघडी ठेवा. वाळण्याचा ठोकताळा एका बाजूने महिन्याला इंच. १८ इंची भिंत दोन्हीकडून वाळायला नऊ महिने जातात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तो सुटू देऊ नका, कारण पुढचे सगळे या कोरडेपणावर उभे आहे.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर फेका. धुतलात तर क्षार परत आत जातात. भिंतीत पिंपळाचे रोप असेल तर उपटू नका, दगड हलतो. खोड कापून ताज्या कापावर तणनाशक लावा. मुळे मेल्यावर तेवढेच दगड काढून, मुळे साफ करून, चुन्यात परत बसवा. पोकळ भिंतीत पातळ चुना वरून ओतून आपल्या वजनाने उतरू द्यायचा. पंपाच्या दाबाने भरला तर भिंत फुगते.

मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा. जुन्या ढासळलेल्या भागाची माती चाळून वापरता येते, फक्त लोणा लागलेला भाग सोडून. माती, वाळू, भुसा आणि थोडे शेण आठ-दहा दिवस भिजवून रोज तुडवायचे. आधी फूटभर चौरसाचे तीन नमुने वेगवेगळ्या वाळूचे करून पाहा. भेगा पडल्या तर वाळू कमी पडली, हाताला पावडर आली तर वाळू जास्त झाली.

विटांच्या आणि दगडी भिंतीला चुना. दुकानातली पिशवीतली चुन्याची पूड कित्येकदा हवेने शिळी झालेली असते. कळीचा चुना (भाजलेले, न विरवलेले खडे) आणा. एक खडा पाण्यात टाका: थोड्याच वेळात उकळून फुटला तर ताजा. विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, उसळी येते. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली. चाळून घेतलेला लगदा पाण्याखाली किमान महिनाभर. जितका जुना तितका लोण्यासारखा आणि कामाला सोपा.

मालाचे प्रमाण: एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली नदीची वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, सिमेंटच्या मालाने बरबटलेल्या विटांची नको. माल घाणीत (चुना मळायच्या दगडी चाकाच्या चरात) किंवा रोलर पॅन मिक्सरमध्ये मळावा लागतो. नुसता फावड्याने कालवला तर कमजोर राहतो. पहिला थर १०-१२ मिमी आणि त्यात तागाचे कापलेले धागे, दुसरा ६-८ मिमी, शेवटचा २-३ मिमी. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची पद्धत आहे आणि ती गवंड्याच्या हाताला माहीत असते. प्रमाण त्याच्या अनुभवाने आणि नमुना पाहून ठरवा, गूळ जास्त झाला तर माल घट्टच होत नाही.

चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला किंचित ओल लागते. म्हणून दोन आठवडे गोणपाट लटकवून दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडा. एप्रिल-मेच्या उन्हात चुन्याचे काम करू नका: वरून वाळतो, आत भुसभुशीत राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मोसम. रंगही चुन्याचाच, तीन पातळ हात.

गवंडी 'थोडे सिमेंट घालू, लवकर बसेल' म्हणेल. नको म्हणा. चुना-सिमेंटच्या मिश्रणात कडकपणा सिमेंटचा येतो आणि ओल सोडण्याचा गुण कमी होतो.

जमिनीला काँक्रीट ओतून वर चकचकीत टाइल घातली की जमिनीतली ओल कडेला सरकून भिंतीत चढते. शहाबादी फरशी चुन्यात बसवा, सांधे चुन्याचे. बाहेर, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर खणून खडी आणि भोकांची नळी घालून पाणी काढून द्या. चराची खोली पायाच्या तळाखाली जाता कामा नये.

न्हाणीघर, पाणी, स्वयंपाक

नव्या सोयींचा नियम एकच: त्या वाड्याला टेकून असाव्यात, वाड्यात रुतलेल्या नसाव्यात. न्हाणी आणि संडासाची उत्तम जागा परसाकडे, तळमजल्यावर. वरच्या मजल्यालाही हवेच असतील तर चौकाच्या मागच्या कोपऱ्यात किंवा परसात, स्वतःच्या पायावर उभा हलका लोखंडी सांगाडा करून एकावर एक बसवा, आणि वाड्यातून फक्त एक दार काढा. तक्तपोशीवरच (वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवरच) न्हाणी करणे टाळता आले नाही तर मरीन प्लाय, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर जलरोधक पडदा भिंतीवर फूटभर चढवून; नळ सगळे उघडे, बाहेरून. मैल्याचा ४ इंची नळ १:४० ते १:६० उताराने, कड्या न कापता. कडीला नळासाठी खाच मारली की ती तिथेच मोडते.

हजार लिटरची टाकी भरली की टनभर वजन. ती छपरावर नको. परसात वेगळा मनोरा करा किंवा जमिनीवर टाकी आणि दाबाचा पंप. स्वयंपाकाचा ओटा स्वतःच्या पायांवर, मागे भिंतीशी बोटभर फट ठेवून. गॅसचे सिलिंडर बाहेर.

वीज

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचा लाकडी डोलारा गेला आणि जोती, तटबंदी तेवढी उरली. आजच्या वाड्यात आगीचे मोठे भय जुन्या वायरिंगचे आहे. जुने सगळे काढा. निम्मे ठेवून निम्मे नवे करणे सर्वांत धोक्याचे. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी तांब्याची, कमी धूर करणारी वायर. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीला वीज तोडणारा). अर्थिंगचा खड्डा नवा.

मातीच्या भिंतीत आडवी खाच मारू नका. नळी भिंतीवरून उघडी न्या: तुळईच्या मागच्या अंगाने, हस्ताच्या (खांबाच्या माथ्याच्या लाकडी आधाराच्या) सावलीत, लाकडाच्याच रंगाची. लाकडी पट्टीवरचे जुन्या धाटणीचे वायरिंग वाड्यात शोभते आणि दुरुस्तीलाही सोपे. दोन फूट जाडीच्या भिंतींतून वायफाय जात नाही, म्हणून प्रत्येक मजल्याला इंटरनेटची वेगळी वायर, विजेच्या नळीत नव्हे. धुराचा इशारा देणारी यंत्रे माळ्यावर आणि जिन्यात, आणि दर मजल्याला एक अग्निशामक.

एसी लावायचाच तर एका-दोन खोल्यांत, आणि त्याचे पाणी नळीने थेट गटारात. चौकावर पारदर्शक पत्र्याचे बंद छप्पर घालण्याची फॅशन आली आहे. चौक हेच वाड्याचे धुराडे आणि पंखा. तो बंद केला की माजघर उकडते आणि ओल अडकते. पावसासाठी घालायचेच असेल तर आजूबाजूच्या छपराहून दोन फूट उंच, चारही बाजूंनी मोकळे.

काय तसेच ठेवायचे

खणांची मांडणी, ओसरी, चौक, देवघर, कोनाडे, बळद (धान्याचे कोठार), उंबरे आणि दिंडी. अरुंद जिना तोडू नका; त्याला कठडा द्या, आणि वृद्धांची झोपायची खोली तळमजल्यावर आणा. नवा जिना हवाच असेल तर तो वेगळा, जुना जागेवर ठेवून. बदललेल्या लाकडाच्या मागच्या अंगाला वर्ष कोरा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत जुने-नवे ओळखता येते. हरवलेली नक्षी फोटो असेल तरच घडवा. अंदाजाने घडवलेली महिरप दुसऱ्याच वाड्यातून आणल्यासारखी दिसते. नक्षीचे खांब आणि दारे मागायला विकत घेणारे येतील. देऊ नका. खर्च भागवायला एक खांब गेला तर त्या खणाचा भार आणि रूप दोन्ही जाते, आणि ते पैसे गिलाव्यालाही पुरत नाहीत.

दर वर्षी

मेच्या शेवटी पन्हळी साफ, फुटकी कौले बदलणे, चौकाच्या गटाराची जाळी काढून धुणे. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि ओल्या जागांवर खडूने खूण करा. ऑक्टोबरात तळखड्यांभोवती वाळवीची मातीची नळी दिसते का पाहा. दर दोन वर्षांनी चुन्याचा एक हात, दर तीन-चार वर्षांनी उघड्या लाकडाला तेल. कामातून उरलेली शंभरेक कौले परसात रचून ठेवा आणि एक पिंप चुन्याचा लगदा पाण्याखाली झाकून ठेवा: पाच वर्षांनी गिलाव्याचा टवका उडाला तर तोच माल तिथे लागेल.